जॉइंट, सीम, जंक्शन: सगळ्यांना 'जोड' म्हणून चालेल का?

पाण्याच्या टाकीच्या एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर करत होते. मूळ इंग्रजीत एकाच परिच्छेदात जॉइंट, सीम, वेल्ड आणि जंक्शन असे चार शब्द. पहिल्या खेपेला चारही ठिकाणी 'जोड' लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी वाचलं तर वाक्य असं उतरलेलं: 'जोडाच्या जोडाजवळील जोडावरचा जोड तपासावा.' प्लंबरने हे वाचलं असतं तर टाकी सोडून मलाच तपासलं असतं.

कोश चाळून फारसा उपयोग झाला नाही, तिथे सगळ्यांपुढे जोड, सांधा, संयोग हेच फिरून फिरून येतं. मग स्वतःशीच एक प्रश्न ठरवला: जोडल्यावर मागे काय उरतं?

वेल्डमध्ये दोन्ही बाजूंचा धातू वितळतो आणि एकजीव होतो. म्हणून त्याला 'झाळणं' म्हणू नये. झाळताना डाक, म्हणजे जोडण्यासाठी लावलेला धातू, तेवढी वितळते, भांड्याचा पत्रा वितळत नाही. 'वितळजोड' वगैरे घडवण्यातही अर्थ नाही; वर्कशॉपमध्ये सरळ 'वेल्डिंग मारलं' म्हणतात, तेच ठेवावं. जॉइंटला 'सांधा' चपखल बसतो, कारण दोन्ही शब्द हलणाऱ्या गुडघ्यालाही चालतात आणि न हलणाऱ्या पाइपलाही.

सीम म्हणजे दोन कडा मिळतात ती रेघ. क्रिकेटच्या चेंडूवर ती बोटांना लागते. हा शब्द आणि आपली 'शिवण' एकाच मुळातून आलेत. डॉक्टर ज्याला सूचर म्हणतात ते टाकेही त्याच घरातले, आणि कवटीची हाडं जिथे मिळतात त्या नागमोडी रेषांनाही सूचरच म्हणतात. मराठीत शिवणीचे पोटप्रकारही आहेत. विरलेल्या लुगड्याचा मधला भाग काढून दोन तुकडे जोडले की त्याला 'दंड घालणं' म्हणत. आजीच्या लुगड्यावर बोट फिरवलं की दंड कुठे आहे ते डोळे मिटूनही कळायचं. यासाठी इंग्रजीत नुसतं सीम म्हटलं तर त्यातली काटकसर हरवते.

जंक्शनवर वाटा मिळतात तशा फुटतातही. मनमाडला मुंबई, भुसावळ, दौंड आणि छत्रपती संभाजीनगर अशा चारही दिशांचे रूळ येतात, पण गाडी आपल्या वाटेने निघून जाते. कॉन्फ्लुअन्सचं, म्हणजे नद्यांच्या संगमाचं, तसं नाही. त्याचा मूळ अर्थच 'एकत्र वाहणं'. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळून एकच नदी पुढे जाते. त्यातलं कोयनेचं पाणी कोणी वेगळं काढून दाखवावं. म्हणून मनमाडला 'संगम' म्हणणं कवितेत चालेल, वेळापत्रकात नाही. रस्त्यांसाठी तर जंक्शनची गरजच नाही. तीन वाटांचा तिठा, चार वाटांचा चव्हाटा. सिंधुदुर्गात एसटीतून 'तिठ्यावर उतरायचंय' म्हणून बघा, कंडक्टर परत विचारणार नाही.

गंमत म्हणजे जंक्शन, जॉइंट, योक, आपला 'योग' आणि बैलांच्या मानेवरचं 'जू' हे सगळे एकाच मुळाचे. जंक्चरही त्यातलाच, पण तो जागा सोडून काळाकडे गेला: निर्णायक घडी. नेमकी हीच उडी आपल्याकडे 'संधी'ने मारली. व्याकरणात ती अक्षरांची जोड, संधिवातात हाडांची, संधिप्रकाशात दिवस-रात्रीची, आणि नोकरीच्या जाहिरातीत 'सुवर्णसंधी'. इंग्रजी भाषाशास्त्राने व्याकरणातली संधी तर जशीच्या तशी उचलली आहे.

पण मला सगळ्यात आवडला तो ग्राफ्ट. त्याच्या मुळाशी ग्रीक भाषेतली लिहिण्याची टोकदार लेखणी आहे. खुंटात, म्हणजे मुळं असलेल्या खालच्या रोपात, खोवायची काडी तशी दिसते म्हणून तेच नाव. आणि आपण काय म्हणतो? कलम! म्हणजे पुन्हा लेखणीच, अरबी-फारसीतून आलेली. दोन भाषा वेगवेगळ्या वाटांनी त्याच लेखणीपाशी पोचल्या. (कायद्याचं कलम हा आणखी एक फाटा, त्यात आत्ता शिरत नाही.) कोकणात याचे प्रकार नावावरूनच कळतात. कोय कलमात कोयीतून नुकत्याच वर आलेल्या कोवळ्या रोपात काडी बसवतात. भेट कलमात कुंडीतलं रोप हापूसच्या फांदीजवळ नेतात, दोघांची साल तासून जखमेला जखम लावून बांधतात, आणि दोन-तीन महिन्यांनी सांधा धरला की खालून फांदी कापून घेतात. 'भेट' या शब्दापुढे इंग्रजीतला ॲप्रोच ग्राफ्टिंग फारच कोरडा वाटतो. बरं, एवढं होऊनही दोन झाडं एकजीव होत नाहीत. सांध्याच्या खाली धुमारा फुटला तर तो खालच्या रोपाचा, म्हणजे रायवळ या गावठी आंब्याचाच, म्हणून बागायतदार तो खुडून टाकतो. म्हणजे ग्राफ्टला 'एकरूप होणं' म्हणणारा भाषांतरकार कधी बागेत गेलेला नसतो.

टाकीचं वाक्य शेवटी असं लिहिलं: 'पाइप टाकीला मिळतो त्या सांध्याजवळ पत्र्याची शिवण आणि तिच्यावरचं वेल्डिंग तपासा.' जंक्शन 'मिळतो' या क्रियापदात विरघळलं, ते बरंच झालं. संपादकबाईंनी मात्र शिवणीवर लाल रेघ मारली. 'पत्र्याला कोण शिवतं?' मी म्हटलं, अरबी समुद्रावरची जुनी जहाजं फळ्या काथ्याने शिवूनच बांधत. त्या हसल्या आणि 'कड' लिहून मोकळ्या झाल्या. कड एका पत्र्याची असते, शिवणीला दोन लागतात. पुढच्या आवृत्तीत पुन्हा भांडणार आहे.