मदत हवी आहे: अभ्यासिकेच्या डेस्कटॉपवर क्रोमओएस फ्लेक्स लोगोवरच अडकतंय

दहिवडीकर
नमस्कार मंडळी. अभ्यासिकेसाठी जुने डेस्कटॉप मिळाले आहेत. विंडोज १० चे मोफत अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले, ११ यांच्यावर चढत नाही, म्हणून क्रोमओएस फ्लेक्स ही गूगलची मोफत ऑपरेटिंग सिस्टम टाकायचं ठरवलं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू होतं, पांढऱ्या पडद्यावर क्रोमचा लोगो येतो आणि तिथेच थांबतं. चहा पिऊन आलो तरी तेच. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जे करायचं ते करून झालं आहे. सोमवारपासून मुलं बसणार आहेत, तेव्हा ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनीच नेमकं सांगा. ‘गूगलवर शोधा’ असं कृपया सांगू नका.

सर्किटवाला
प्रोसेसर कोणता? रॅम किती? बायोसमध्ये काय बदललंत? पेनड्राइव्ह कशाने बनवलात? एवढं कळल्याशिवाय नेमकं कोण सांगणार?

मिंटप्रेमी
फ्लेक्स सोडा. लिनक्स मिंट २२ ही दुसरी मोफत सिस्टम आहे, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, वर्ड-एक्सेलसारखं लिब्रेऑफिस आयतं येतं, नेट गेलं तरी काम थांबत नाही. माझ्या घरी आणि सासऱ्यांकडे तेच आहे, दोन्हीकडे कसलीही तक्रार नाही.

दहिवडीकर
मिंट नको. क्रोम सगळ्यांना येतं, वेगळं काही शिकवत बसायला माझ्याकडे माणूस नाही. प्रोसेसर इंटेल, रॅम ४ जीबी. पेनड्राइव्ह नेहमी बनवतात तसाच.

सर्किटवाला
इंटेल म्हणजे कोणता? कोअर टू ड्युओ पण इंटेलचाच आणि आय५ पण इंटेलचाच. प्रोसेसर आणि ग्राफिक्स २०१० च्या आधीचं असेल तर अनुभव चांगला येणार नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. कॅबिनेटवरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका, बायोसच्या पहिल्या पानावर नाव असतं ते इथे लिहा.
आणि पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा. क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटी हे एक्स्टेन्शन घेऊन, यादीतून क्रोमओएस फ्लेक्स निवडून बनवा. नुसती फाइल कॉपी करून काही होत नाही.

न्यूजर्सीची_मावशी
इकडे लेकीच्या शाळेत सगळ्या मुलांना क्रोमबुकच आहेत. गृहपाठ, परीक्षा सगळं त्यावर. अँड्रॉइडची अ‍ॅपसुद्धा चालतात. अगदी योग्य निर्णय घेतलात, चिंता करू नका.

चारुता
मावशी, क्रोमबुक (क्रोमओएससकट विकत मिळणारा लॅपटॉप) वेगळं आणि फ्लेक्स वेगळं. फ्लेक्सवर प्ले स्टोअर नाही, अँड्रॉइडची अ‍ॅप चालत नाहीत. धागाकर्त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं, कारण स्पर्धा परीक्षांच्या बऱ्याच क्लासचे व्हिडिओ मुलं अ‍ॅपवरच बघतात. क्लासची वेबसाइट असेल आणि तिथे लॉगिन होत असेल तरच ते इथे दिसतील.

जुना_क्लाउडरेडी
फ्लेक्स म्हणजे मुळात नेव्हरवेअर या कंपनीचं क्लाउडरेडी. डिसेंबर २०२० मध्ये गूगलने ती कंपनी घेतली आणि जुलै २०२२ मध्ये फ्लेक्स सर्वांसाठी आलं. मी क्लाउडरेडीच्या काळापासून वापरतोय. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, सगळे प्रश्न सुटतील.

सर्किटवाला
त्यांचं मशीन पेनड्राइव्हवरून चालू होतानाच अडकतंय, डिस्कचा संबंध अजून आलेलाच नाही. एसएसडी टाकावाच, पण त्याने हे सुटणार नाही.

दहिवडीकर
प्रोसेसर आय३-२१२०, एच६१ मदरबोर्ड. पेनड्राइव्ह तुम्ही सांगितलात तसा परत बनवला. एक मशीन चालू झालं! बाकीची तिथेच अडकतात. सगळी एकसारखीच आहेत, एकाच ऑफिसातून आलेली.

सर्किटवाला
एकसारखी असती तर एकसारखी वागली असती. मागच्या बाजूला बघा: चालू झालेल्या मशीनची मॉनिटरची वायर कुठे लागली आहे आणि बाकीच्यांची कुठे?

दहिवडीकर
चालू झालेल्याची वर, कीबोर्डच्या पिनांजवळ. बाकीच्यांची खाली, आडव्या पट्टीत. त्यात काय फरक पडतो? विंडोजमध्ये तर सगळी चालत होती.

सर्किटवाला
तिथेच घोळ आहे. खालची आडवी पट्टी म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड. आय३-२१२० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे आणि फ्लेक्सला ते व्यवस्थित कळतं. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर विंडोजला वेगळा मिळतो, फ्लेक्समध्ये असा ड्रायव्हर आपल्याला टाकता येत नाही. मशीन बंद करा, वीज काढा, पट्टीचा स्क्रू आणि स्लॉटच्या टोकाची खिट्टी सोडवून कार्ड सरळ वर ओढा. मॉनिटर वरच्या पोर्टला लावा. पडदा काळाच राहिला तर बायोसमध्ये ऑनबोर्ड ग्राफिक्स चालू करा.

मिंटप्रेमी
मिंटमध्ये कार्ड काढायची वेळच आली नसती.

सर्किटवाला
आली असती किंवा नसती. जुन्या कार्डांनी मिंटमध्येही काळा पडदा दाखवलेला मी दुकानात पाहिला आहे.

मिंटप्रेमी
पण तिथे तो सोडवण्याचे चार मार्ग असतात. फ्लेक्समध्ये दिलंय ते घ्या, नाहीतर राहू द्या. शिवाय मुलांना प्रत्येक गोष्टीसाठी गूगल खातं उघडायला लावणं मला पटत नाही.

चारुता
प्रत्येक मुलाला खातं लागत नाही. पहिलं खातं अभ्यासिकेचं उघडा, मुलांना गेस्टमधून (खात्याशिवायच्या तात्पुरत्या लॉगिनमधून) बसवा. बाहेर पडलं की सगळं पुसलं जातं, एकाचं लॉगिन दुसऱ्याला दिसत नाही. सार्वजनिक मशीनला याहून सोयीचं काय? फक्त मुलांना एक पक्कं सांगून ठेवा: हॉलतिकीट डाउनलोड केलं की लगेच पेनड्राइव्हवर घ्यायचं किंवा स्वतःला मेल करायचं. गेस्टमधून बाहेर पडलं की ती फाइल गेली.

मिंटप्रेमी
गेस्ट मिंटमध्येही चालू करता येतं, एवढं नोंदवून ठेवतो.

दहिवडीकर
कार्ड काढली, सगळी मशीन चालू झाली. सर्किटवाला, मनापासून आभार. इन्स्टॉलही केलं. आता दोन अडचणी. अभ्यासिकेच्या जुन्या सूचना आणि फीच्या पावत्या उघडल्या तर सगळं इंग्रजी कचऱ्यासारखं दिसतं. आणि प्रिंटर सापडत नाही.

जुना_क्लाउडरेडी
इन्स्टॉल करताना अख्खी डिस्क पुसली जाते, हे आधी सांगायला हवं होतं. फाइली आहेत ना?

दहिवडीकर
आहेत, पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या. टायपिंग श्रीलिपीत आहे.

चारुता
मग तसंच दिसणार. ते जुने फाँट युनिकोडचे (सगळीकडे सारखं दिसणाऱ्या मराठीचे) नाहीत. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फाँट त्यांच्यावर मराठीचा आकार चढवतो. गूगल डॉक्समध्ये आपला फाँट टाकता येत नाही. रोज लागणारा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. पण नंतर ‘र्‍या’सारखी जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास चुका राहतात.

सर्किटवाला
प्रिंटर कोणता? यूएसबीवर चालणारा जुना लेसर असेल आणि त्याला कंपनीचाच विंडोज ड्रायव्हर लागत असेल, तर नाद सोडा. नेटवर्कवरचा, आयपीपी (नेटवर्कवरून छपाईची सर्वसाधारण पद्धत) समजणारा प्रिंटर फ्लेक्स स्वतः ओळखतं.

मिंटप्रेमी
एक मशीन मिंटवर ठेवा, त्यावर तुमचा फाँटही टाकता येईल. जुन्या प्रिंटरचेही बरेच ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतात. मॉडेल सांगा, मी बघतो.

सर्किटवाला
हे मात्र मान्य. ऑफिसचं एक मशीन वेगळं ठेवा, मुलांची फ्लेक्सवर राहू द्या.

दहिवडीकर
ठीक आहे, एक मिंटवर घेतो. प्रिंटरचं मॉडेल उद्या बघून सांगतो. मुलांचा मराठी टायपिंगचा सराव फ्लेक्सवर होईल ना? मिनिटाला ३० शब्दांच्या परीक्षेला बसायचंय.

चारुता
सेटिंगमध्ये मराठी आहे, पण इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायचं. रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरची) मांडणी मला तिथे सापडली नाही. परीक्षा ज्या मांडणीत द्यायची त्याच मांडणीत बोटं बसायला हवीत. टायपिंगवाल्या मुलांना फ्लेक्सवर बसवू नका, सवय बिघडेल. फॉर्म भरणाऱ्यांना मात्र ते उत्तम: फोटो आणि सही छोटी करायला गॅलरीमध्येच क्रॉप आणि रिस्केल आहे, पेंटची गरज पडत नाही.

कुडाळचा_बाबू
हाच धागा आहे म्हणून विचारतो. आमचं ई-सेवा केंद्र आहे. अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचं टोकन फ्लेक्सवर चालेल का?

सर्किटवाला
नाही. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ते आधारसाठी चालवणारं सॉफ्टवेअर) आणि टोकनचा ड्रायव्हर फ्लेक्सवर टाकता येत नाही. तिथे विंडोजच ठेवा. मशीन कोणतं आहे आणि विंडोज कोणतं?