मदत हवी आहे: प्रतिसरकारला अधिमान्यता कुठून आली?

नमस्कार मंडळी. मी वाळव्याची, एम.ए. राज्यशास्त्र. लघुप्रबंधात अडकलेय.

१९४३ च्या सुमारास तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (आमचा वाळवाही त्यातच) प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजी राजवटीला समांतर असं लोकांचं सरकार, उभं राहिलं. त्याची न्यायदान मंडळं जमिनीचे, सावकारीचे तंटे मिटवायची अन् लोक निकाल मानायचे. का मानायचे, म्हणजे ही सत्ता योग्य आहे असं लोकांना का वाटायचं? जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर अधिसत्तेचे (लोक मान्य करतात अशा सत्तेचे) तीन आधार सांगतो: परंपरा, करिश्मा, कायदा. प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटलांचा करिश्मा होताच. पण ते भूमिगत, मग गावोगावचे निकाल कुणाच्या जोरावर? पत्री मारण्याची (तळपायांवर मारायच्या शिक्षेची) नुसती भीती, हे मला पटत नाही. सत्यशोधक चळवळीने आधीच मशागत केली होती का?

यावर मराठीत संशोधनपर लेखन कुणी वाचलंय का? गौरवग्रंथ नकोत, घरात ढीग आहे.