दुसऱ्याचं बघून धंद्यात काय बदललंत? अनुभव सांगा

काल माळा आवरताना जुन्या पत्रकांचा गठ्ठा सापडला आणि पोटात कालवलं. मी शिवणकाम करते. माझा हात फिटिंगवर बसलेला: एक खांदा उतरता, पाठीला पोक, असली अवघड मापं. समोर एकाने तयार कपडे आणि दोन दिवसांत शिलाई सुरू केली. मी घाबरले. तयार माल भरला, ट्रायल बंद केली, पत्रकाचा रंगसुद्धा त्याचाच घेतला. एक जुन्या बाई आरशासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "या वेळी खांद्याला टाचण्या नाही लावल्यास गं?" त्यानंतर बराच काळ त्या आल्याच नाहीत. ट्रायल मी परत सुरू केली, पण ते वाक्य अजून कानात आहे. तुमचं सांगा.

उजेड
ड्रोन! सगळे घेत होते म्हणून मीही घेतला, हप्त्यावर. मला जमतात लहान मुलांचे फोटो. तासभर जमिनीवर बसून राहायचं, मूल कॅमेरा विसरलं की टिपायचं. ड्रोनच्या कामांमागे धावताना नेमका तो तासच देता येईना. विकला शेवटी.

खतावणी
अगदी अगदी. मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या काँटिनेंटल या विमान कंपनीने साउथवेस्ट या दुसऱ्या विमान कंपनीचं बघून स्वस्त विमानसेवा काढली. जेवण बंद केलं, तिकीट उतरवलं, पण आसनक्रमांक, तिकीट एजंट हा पसारा तसाच ठेवला. साउथवेस्टचं विमान जमिनीवर जेमतेम थांबायचं, कारण तिच्याकडे आसनक्रमांकांचा पसाराच नव्हता. १९९५ मध्ये काँटिनेंटलची ती सेवा बंद. वरचं दिसतं ते उचलता येतं हो, आतली घडी कशी उचलणार?

पाना
मी थोडा वेगळा. सायकल दुरुस्ती करतो. दुसऱ्याकडे बघितलं, तो सायकल घेतानाच चिठ्ठीवर काम आणि तारीख लिहून देतो. तसंच सुरू केलं, वाद थांबले. अशी गोष्ट उचलावी की! हां, त्याच्यासारख्या नव्या सायकली विकायला गेलो नाही. माझा हात चाकाची डग, म्हणजे डुलणं, काढण्यात. आरे एकेक पाव फेरा घट्ट-सैल करत बसायला मला कंटाळा येत नाही.

दुपारची
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. @धागाकर्ती, ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवायचं मशीन) वापरता का? माझ्या खालच्या लूपरचा (सुईखाली दोरा गुंफणाऱ्या आकड्याचा) दोरा सारखा तुटतोय, उद्या ऑर्डर द्यायचीय 😭

धागाकर्ती
लूपर नव्याने ओवताना सुया ओवलेल्याच ठेवता ना? आधी सुयांतला दोरा काढा. मग वरचा लूपर, मग खालचा, सुया सगळ्यात शेवटी. पाना, चिठ्ठीचं पटलं. मीही तारीख लिहून देणार आता.

उजेड
त्या बाई पुढे कधीच आल्या नाहीत?

धागाकर्ती
आल्या, दीड वर्षाने. मुलीला घेऊन. तिचाही डावा खांदा उतरता. टाचण्या लावताना माझेच हात थरथरत होते.

दुपारची
सुया काढून ओवलं, चाललं!! जीव भांड्यात पडला. अनुभव रात्री लिहिते.