विंडोज सर्व्हर २०१६ वरून २०२२ वर जाण्यापूर्वी आवृत्ती व परवाना कसा पडताळावा?

प्रश्न: आमच्याकडील जुन्या सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१६ आहे, मात्र ती स्टँडर्ड आहे की डेटासेंटर (एकाच विंडोज सर्व्हरचे दोन प्रकार), याची नोंद कोठेही सापडत नाही. थेट २०२२ वर अपग्रेड केल्यास जुना परवाना चालेल का?

उत्तर १: प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'सिस्टमइन्फो' (systeminfo) चालवावे, आवृत्तीचे पूर्ण नाव तेथेच दिसते. त्यानंतर 'एसएलएमजीआर /डीएलव्ही' (slmgr /dlv) चालवल्यास परवाना रिटेल (सुटा विकत घेतलेला), ओईएम (यंत्रासोबत आलेला) की व्हॉल्यूम (संस्थेने एकत्रित घेतलेला) प्रकारचा आहे, हे कळते, आणि माझ्या मते खरा निर्णय याच माहितीवर अवलंबून असतो. नावात 'इव्हॅल्युएशन' असेल, तर ती १८० दिवसांची चाचणी प्रत आहे.

उत्तर २: तांत्रिकदृष्ट्या अपग्रेड होते, परंतु २०१६ चा परवाना २०२२ ला लागू होत नाही, सॉफ्टवेअर अश्युरन्स (परवान्यासोबत घेतली जाणारी मायक्रोसॉफ्टची सशुल्क योजना) असल्यासच नव्या आवृत्तीचा हक्क मिळतो. परवाना कोअरनुसार (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) मोजला जातो: प्रत्येक प्रोसेसरला किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरला किमान १६ कोअर. सर्व कोअरचा परवाना घेतल्यावर स्टँडर्डमध्ये दोन व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) चालवता येतात, डेटासेंटरमध्ये कितीही. क्लायंट ॲक्सेस लायसन्स (सर्व्हर वापरणाऱ्या व्यक्ती किंवा उपकरणांसाठीचे वेगळे परवाने) मात्र हमखास विसरले जातात. २०१६ ची ही लायसन्स २०२२ च्या सर्व्हरसाठी ग्राह्य नाहीत, म्हणून तो खर्च आधीच धरावा, ही कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. डेटासेंटर निघाल्यास स्टँडर्डवर उतरता येईल का?

उत्तर २: फाइल्स व सेटिंग्ज राखून नाही, नव्याने इन्स्टॉल करावे लागेल.