एबिंगहाउसची मोजण्याची रीत

एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्मरणशक्तीवरचे प्रयोग स्वतःवरच केले, मग ते शास्त्र कसं, असा प्रश्न विचारला जातो. त्याचं मोठेपण मोजणीत आहे. सुमारे २३०० निरर्थक अक्षरगटांतून याद्या करून तो त्या पाठ करायचा, मध्ये वेळ जाऊ द्यायचा, आणि पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले ते मोजायचा. तासाभरात निम्म्याहून जास्त बचत संपलेली, पुढची घसरण मात्र संथ. हे १८८५ साली छापलं गेलं. न आठवणं म्हणजे पुसलं जाणं नव्हे, हे त्याने आकड्यांत दाखवलं, आणि मला तेच फार मोलाचं वाटतं. आमच्या अमळनेरकडे आई कानबाईची, म्हणजे खानदेशातल्या देवीची, गाणी श्रावणातच म्हणते. दरवर्षी आधी ‘काहीच आठवत नाही’ म्हणते, आणि दोनदा गुणगुणलं की अख्खं गाणं तोंडात येतं.