यंत्रातून बोलणाऱ्यांची दोस्ती: तुमचे अनुभव लिहा

मी पुण्याची, वय ३१, सेरेब्रल पाल्सी. मी टॅबवर टाइप करते आणि टॅब बोलतो. धागा काढायचं कारण, मागच्या रविवारी मी आणि माझी मैत्रीण (ती पण टॅबवाली) सारसबागेत भेटलो, दीड तासात जेमतेम तीसेक वाक्यं झाली असतील, तर सोडायला आलेला दादा म्हणतो, तुम्हाला कंटाळा नाही येत का गं? कंटाळा! अरे बाबा आख्ख्या आठवड्यात तेवढा दीड तास माझं वाक्य दुसरं कोणी पुरं करत नाही. घरी 'मला पा' एवढं उमटलं की पाण्याचा ग्लास पुढे येतो, मला पावसाबद्दल बोलायचं असतं. मग पाणी पिते, काय करणार.

आमच्याकडे पूर्वी टॅबला मराठी आवाज नव्हता, हिंदी बाईच मराठी वाचायची. ळ चा ल. 'केलं' लिहिलं की 'केलम्'. म्हणून आम्ही दोघी केले, झाले, गेले असंच टाइप करायचो आणि बातम्या दिल्यासारख्या बोलायचो. आता मराठी आवाज आहे, दोघींचा एकच, त्यामुळे शेजारच्या बाकावरच्यांना वाटतं एकच बाई स्वतःशी बोलतेय. पण भांडण झालं की अजून बातम्याच. "आपण काल माझा मेसेज वाचून उत्तर दिले नाही." असं म्हटल्यावर कोण चिडून राहणार!

लिहा, लहानमोठं काहीही. टायपो चालतील, इथे निम्मे लोक एका बोटाने लिहितायत.

*

कोल्हापूर. आमचं यंत्र टॅबचं नाही, गळ्याला लावायचं, इलेक्ट्रोलॅरिंक्स. २०१७ ला स्वरयंत्र काढलं, तंबाखू, दुसरं काय. दवाखान्यात तपासणीच्या लायनीत एक गडी भेटला, त्याचं पण तेच, तेव्हापासून रोज सकाळी रंकाळ्यावर एक फेरी. बँकेत फोन लावला की समोरची पोरगी कट करते, तिला वाटतं कंपनीचा रेकॉर्डेड कॉल आलाय. ह्याला लावला की पहिल्या शब्दाला "बोल भावा". दोघांचा आवाज एकाच पट्टीत, भुंगा गुणगुणल्यागत, चिडलो काय हसलो काय सूर तोच, तरी त्याला बरोबर कळतं मी कवा चिडलोय ते.

चहाची एक गंमत सांगतो. श्वास गळ्याच्या भोकातनं चालतो त्यामुळं तोंडानं फुंकर मारता येत नाही. चहा बशीत ओतावा लागतो. एका हातात कप, एका हातात बशी, मग यंत्र कोण धरणार? म्हणजे चहा संपेपर्यंत दोघं गप्प. टपरीवाला म्हणतो, रोज भांडून येता काय ओ. आणि रंगपंचमीला आम्ही दोघं त्याच्या घरी दार लावून बसतो, भोकात पाणी गेलं तर थेट फुफ्फुसात. पत्ते खेळतो. लई हरतो मी.

*

मी आई म्हणून लिहितेय, चालेल ना? मुलगा १४ वर्षांचा, ऑटिझम, तोंडाने बोलत नाही. आयआयटी मुंबईत बनलेलं जेलो अ‍ॅप वापरतो, फुकट आहे, मराठीतही आहे, चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं. त्याच्या मित्राकडे टॅब नाही, लॅमिनेट केलेल्या चित्रांची वही आहे. एकमेकांकडे बघत नाहीत, शेजारी बसतात, बस्स. एके दिवशी मित्राने आमच्या टॅबवर 'नको' दाबलं, ह्याने 'आणखी' दाबलं, त्याने 'नको', ह्याने 'आणखी', वीस मिनिटं नुसतं नको आणखी नको आणखी. आम्ही दोघी आया सोडवायला धावलो तर दोघंही आमच्यावरच चिडले. खेळ होता तो!

शाळेने मध्यंतरी टॅब दप्तरात ठेवायला लावला, वर्गात आवाज होतो म्हणे. बाकीची चाळीस पोरं काय मौनात असतात? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच पर्यायी पद्धती लिहिल्यात, ते पान छापून घेऊन गेले. टॅब बाहेर आला, पण आवाज शून्यावर ठेवून. आवाज वाढवायचं बटण त्याला त्या वहीवाल्या मित्राने दाखवलं.

*

ठाणे. मोटर न्यूरॉन डिसीज, हळूहळू सगळे स्नायू थांबतात. डोळ्यांनी टाइप करतो. मिनिटाला सातआठ शब्द, म्हणून थोडक्यात.

नाशिकचा मित्र, तोच आजार. व्हिडिओ कॉल रात्रीच, दिवसा खिडकीतून ऊन आलं की यंत्राला डोळा सापडत नाही. सगळे विचारतात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगसारखं का. हो, फिजिक्स वजा. हॉकिंगचा आवाज १९८५ ला गेला, पुढे चांगले यांत्रिक आवाज निघाले तरी त्याने जुनाच ठेवला. मित्राला नवा आवाज घ्यायचा होता. मी म्हटलं नको, मला तू ओळखू येणार नाहीस. त्याने ठेवला.

फेब्रुवारीत गेला. चॅटमध्ये शेवटचं "उद्या मॅच बघताना" एवढंच आहे. पुढे काय ते मला साधारण माहितीये. लिहिलेलं नाही.

*

वरचं वाचून दोनदा लिहिलं दोनदा पुसलं. काकांना मनापासून नमस्कार.

तरी माझं टाकतो. शिव्यांबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? आपल्या यंत्रात शब्द भरतात आई नाहीतर थेरपिस्ट, त्यामुळे माझ्याकडे 'कृपया' तीन ठिकाणी आणि शिवी एक पण नाही. कॉलेजात कोणी टपली मारून गेला तर मी काय म्हणणार, कृपया? शेवटी माझा मित्र, तो पण असंच यंत्र वापरतो, त्याने माझ्या होस्टेलवर बसून एक एक शिवी टाइप करून भरली, चार तास लागले त्याला, आणि कोणाला सापडू नये म्हणून 'भाज्या'मध्ये चित्रांखाली लपवली. दिवाळीत घरी जेवताना आजीने प्रेमाने विचारलं काय वाढू. मी फ्लॉवर दाबलं.