मानवरहित विमान ‘गस्त’ घालते की ‘टेहळणी’ करते?

भाषांतरकार

कॅनडाच्या हवाई दलाविषयीचा एक दीर्घ लेख मी सध्या मराठीत आणत आहे. त्या देशाने डिसेंबर २०२३ मध्ये एमक्यू-९बी जातीची ११ मानवरहित विमाने घेण्याचे जाहीर केले. पहिले विमान २०२८ मध्ये यायचे आहे, आणि पश्चिमेला कोमॉक्स व पूर्वेला ग्रीनवुड हे त्यांचे तळ ठरले आहेत. दोन्हीकडच्या समुद्रांची राखण आणि उत्तरेच्या गोठलेल्या प्रदेशावरची नजर अशी दोन्ही कामे त्यांच्याकडून करून घ्यायची आहेत. ‘सागरी गस्त घालणारे मानवरहित विमान’ असे मी लिहिले, तर संपादकांनी दोन्ही शब्दांखाली रेघ ओढली. त्यांच्या मते गस्त माणूस घालतो, यंत्र टेहळणी करते. आणि जमिनीवर वैमानिक बसलेला असताना विमानाला मानवरहित म्हणणे दिशाभूल करणारे आहे. शिवाय विमानाच्या पंखांवर बर्फ साचण्याला त्यांना एकच सुटसुटीत संज्ञा हवी आहे. जाणकारांनी मत द्यावे.

दर्यावर्दी

गस्त हाच शब्द योग्य आहे. नौदलात आम्ही मराठी मंडळी आपसांत गस्तच म्हणत असू. नेमून दिलेल्या पट्ट्यात विमान समांतर रेषांनी येरझाऱ्या घालते, रडारवर उमटलेला प्रत्येक ठिपका त्या जहाजाने स्वतः प्रसारित केलेल्या ओळखसंकेताशी ताडून पाहते, आणि ज्या ठिपक्याचा असा संकेतच येत नाही त्याच्याकडे कॅमेरा वळवते. हे फिरणे गस्त नाही, तर दुसरे काय आहे? मात्र याच विमानाचे काम बदलले की शब्दही बदलायला हवा. ४ जानेवारी २०२४ रोजी सोमालियाच्या किनाऱ्यापासून दूर ‘लीला नॉरफोक’ या मालवाहू जहाजावर चाचे चढले, तेव्हा आपल्या नौदलाची वैमानिकांसह उडणारे पी-८आय आणि मानवरहित एमक्यू-९बी ही विमाने त्या एकाच जहाजावर नजर ठेवून होती. पुढे ‘आयएनएस चेन्नई’वरच्या मार्कोस कमांडोंनी जहाजाची झडती घेतली आणि १५ भारतीयांसह सर्व २१ जण सुखरूप सुटले. त्या विमानांनी तिथे जे केले ती गस्त नव्हे, ती पाळत होती.

स्वभाषा

गस्त हा फारसी ‘गश्त’ आहे, हे या चर्चेत अजून कोणी नोंदवले नाही याचे आश्चर्य वाटते. टेहळणीसारखा भारदस्त शब्द हाताशी असताना उसनवारी कशासाठी? शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला तो याच जाणिवेतून. नामाबद्दल मात्र संपादक बरोबर आहेत. काही जण ‘निर्मनुष्य विमान’ असेही लिहितात, पण मराठीत रस्ता किंवा बेट निर्मनुष्य असते, विमान नव्हे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना आणि स्वतः कॅनडाही दुरून चालवण्यावर भर देणारी संज्ञा वापरतात. म्हणून ‘दूरचालित विमान’ हाच शब्द रूढ करावा.

कुळकथा

फारसीचे कारण पुढे करून शब्द घालवायचे ठरवले, तर समुद्रावर मराठीकडे फारसे काही उरणार नाही. जहाज अरबी आहे, दर्या फारसी आहे, आणि ज्या आरमाराचा आपण अभिमान बाळगतो तो शब्द पोर्तुगिजांकडून आलेला आहे. कोश झाल्यानंतरही हे तिन्ही शब्द टिकले, कारण ते वापरणाऱ्यांना परके वाटत नव्हते.

शब्दाचे कुळ पाहण्यापेक्षा त्याच्याबरोबर येणारे क्रियापद पाहावे, असे मी सुचवीन. गस्त ‘घालतात’, जशी फेरी किंवा प्रदक्षिणा घालतात. त्यात फिरणे गृहीत आहे. पाळत ‘ठेवतात’, आणि ती कुणावर तरी असते. टेहळणी ‘करतात’, ती बुरुजावर उभे राहूनही करता येते, आणि काय दिसेल हे तेव्हा ठाऊक नसते. तीस-तीस तास हवेत राहणारे हे विमान एकाच उड्डाणात तिन्ही कामे करते, त्यामुळे लेखात एकच शब्द सर्वत्र चालवण्याचा संपादकांचा आग्रह मला अनाठायी वाटतो. एकाच जागेभोवती मंद गतीने फिरत राहण्याला तर मराठीत ‘घिरट्या घालणे’ हा नेमका प्रयोग आहे, आणि तो मला आजवर एकाही संरक्षणविषयक लेखात आढळला नाही.

उत्तरवासी

मी कॅनडात विमानांच्या देखभालीचे काम करतो, म्हणून बर्फाविषयी लिहितो. ‘हिम’ हा शब्द इथे कृपया वापरू नये. हिम आकाशातून पडते. पंखाला धरतो तो बर्फ. ढगातले पाण्याचे थेंब शून्याखाली जाऊनही द्रवरूपच राहतात आणि पंखाच्या पुढच्या कडेवर आदळताच गोठतात. त्याने वजन वाढते, पण खरा धोका असा की पंखाचा आकार बिघडून उचल कमी होते. संथ गतीने दीर्घकाळ उडणाऱ्या, लांब आणि अरुंद पंखांच्या विमानाला हे विशेष बाधते. पुढची कड तापवणे हा त्यावरचा एक उपाय आहे. उणे चाळीसच्या कोरड्या हवेपेक्षा शून्याच्या थोडे खाली असलेले ओलसर किनारी ढग या बाबतीत अधिक घातक असतात. म्हणजे सागरी कामातही हा प्रश्न येतोच. आम्ही घरी ‘पंखाने बर्फ धरला’ असे म्हणतो. त्यावरून ‘बर्फधारण’ ही संज्ञा करता येईल.

‘शीत कटिबंध’ हाही शब्द टाळावा. तो साडेसहासष्ट अंश अक्षांशापासून सुरू होतो, आणि कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत प्रदेशाची राजधानी इकालुइत त्रेसष्ट अंशांच्या आसपास, म्हणजे त्याच्या बाहेर आहे. ‘दूरचालित’ या शब्दाचे म्हणाल, तर तिथे दूरचालन हीच मोठी अडचण आहे. विषुववृत्तावर स्थिर भासणारे उपग्रह सुमारे पंचाहत्तर अंशांपलीकडे क्षितिजाला टेकतात आणि संपर्क डळमळतो. याच कुळातले एमक्यू-९ए विमान २०२१ मध्ये अठ्ठ्याहत्तर अंशांपलीकडे नेऊन दाखवण्यात आले, त्याचे महत्त्व यासाठीच आहे.

किनारपट्टी

आमच्या रत्नागिरीत या सर्वांना ड्रोनच म्हणतात. मत्स्यव्यवसाय विभागाने जानेवारी २०२५ मध्ये अनधिकृत मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासून बंदरावरचे तांडेलसुद्धा ‘ड्रोन फिरतोय’ असेच म्हणतात. शब्द रुळला आहे. प्रश्न उरतो तो लिंगाचा: तो ड्रोन की ते ड्रोन?

स्वभाषा

विमान नपुंसकलिंगी आहे, म्हणून ‘ते ड्रोन’.

कुळकथा

मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ नर मधमाशी असा आहे. १९३५ च्या सुमारास ब्रिटिशांनी तोफांच्या नेमबाजीच्या सरावासाठी ‘क्वीन बी’ नावाचे वैमानिकाविना उडणारे विमान केले, आणि त्या राणीमाशीवरून हे नाव पुढे आले असे मानतात. तेव्हा ‘तो’ म्हणण्याला आधार आहे.

दर्यावर्दी

लिंग कोणतेही माना, पण चोवीस मीटर पंखविस्ताराच्या आणि साडेपाच टनांहून अधिक वजन घेऊन उडणाऱ्या विमानाला लग्नात छायाचित्रे काढणाऱ्या यंत्राचेच नाव देऊ नका. तमिळनाडूतल्या अराकोणमच्या नौदल तळावर ज्यांनी ते धावपट्टीवरून उठताना पाहिले आहे, त्यांच्या तोंडी ‘विमान’ हाच शब्द येतो.

भाषांतरकार

‘पाळत’ आणि ‘घिरट्या’ हे दोन्ही मी घेत आहे, ‘बर्फधारण’ संपादकांपुढे ठेवतो. परंतु शीर्षकात एकच क्रियापद मावते, आणि ते गस्तीचे असावे की टेहळणीचे, यावर अजूनही मत हवे आहे.

किनारपट्टी

बंदरावर आज पुन्हा विचारले. लहान असेल तर ‘तो’, मोठे असेल तर ‘ते’, असे दोघांनी सांगितले. तिसऱ्याला ते मान्य नाही.